ऑफिसात फिटनेस चॅलेंज ठेवताय? या चुका टाळा

आमच्या पुण्याच्या ऑफिसात पहिल्यांदा 'रोज दहा हजार पावलं' हे चॅलेंज ठेवलं, तेव्हा त्याची सगळी उठाठेव माझ्याकडे होती. नव्वदेक जणांनी नावं दिली, टी-शर्ट वाटले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दणाणून गेला. महिन्याअखेरीस पहिला नंबर आला दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याचा, दुसरा मॅरेथॉन पळणाऱ्या मुलीचा. आणि अकाउंट्समधले काका, ज्यांची वाढलेली शुगर बघून हा घाट घातला होता, त्यांनी नवव्या दिवशीच ग्रुप म्यूट केला होता.

हे आमच्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये स्वतःच्याच सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना वेलनेस कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं, बाकीच्यांना नाही. ज्यांनी उत्साहाने भाग घेतला ते मुळातच तब्येतीने बरे निघाले, आणि आमंत्रण मिळालेल्या व न मिळालेल्या गटांच्या औषधपाण्याच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक काही दिसला नाही. म्हणजे चॅलेंज आखताना डोळ्यासमोर पहिला येणारा नको, शेवटचा हवा. आमच्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे झाल्या.

सगळ्यांना एकच आकडा देणं

दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं आणि आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वर्षांच्या अमेरिकन बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसत नव्हता.

आता घर ते पार्किंग, पार्किंग ते खुर्ची एवढंच चालणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी दहा हजार सांगितले, की तो दोनच गोष्टी करतो. सोडून देतो, नाहीतर चोरी करतो. आमच्या एका पठ्ठ्याने पावलं मोजायचा बँड मुलाच्या पाळण्याला बांधला होता. दुसऱ्याची निम्मी पावलं दुचाकीवरची, खड्ड्यांची कृपा!

उपाय सोपा आहे. पहिला आठवडा कुणीही काही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. मग ज्याची त्याची सरासरी अधिक एक हजार, हे त्याचं लक्ष्य. ते आठवड्यातून पाच दिवस गाठणाऱ्या सगळ्यांच्या नावांची चिठ्ठी काढायची आणि बक्षीस द्यायचं. चिठ्ठीमुळे पाळणे आपोआप थांबले.

वजनाचा तक्ता भिंतीवर लावणं

हे करूच नका. आम्ही केलं. काट्यावर उभं राहायच्या दिवशी लोक उपाशी, पाणीही न पिता आले. दोन किलो 'उतरले' आणि संध्याकाळी वडापावबरोबर परत आले. त्याहून वाईट म्हणजे, थायरॉइडच्या गोळ्या घेणारी किंवा नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली बाई त्या तक्त्यासमोरून रोज जाते, तेव्हा तिला काय वाटत असेल याचा आमच्यापैकी एकानेही विचार केला नव्हता. शेवटी एका सहकारीणीने सरळ येऊन सुनावलं, त्याच दिवशी तक्ता खाली आला. रक्त तपासणीचंही तसंच. रिपोर्ट बंद पाकिटातून ज्याच्या त्याच्या हातात जावा. एचआरला ते आकडे लागतात कशाला?

पाणी प्या म्हणायचं, आणि बाथरूम?

'दिवसाला आठ ग्लास' असं चॅलेंज होतं. हाउसकीपिंगच्या मावशींपैकी एकीनेही नाव दिलं नाही. मला वाटलं, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. विचारलं तर एक जण हसून म्हणाली, ''ताई, पाणी पिऊ हो, पण जायचं कुठं?'' त्यांना वापरायला दिलेलं टॉयलेट तळमजल्यावर, पार्किंगच्या टोकाला. कडी तुटलेली, दिवा बंद. आमच्या मजल्यावरचं धुवायचं त्यांनी, वापरायचं मात्र नाही, असा अलिखित नियम. तो मोडायला चॅलेंजचा महिना पुरला नाही, दोन महिने भांडावं लागलं. तेव्हा पाण्याचं चॅलेंज ठेवण्याआधी बाथरूम बघून या. गेटवरच्या वॉचमनला जागा सोडता येते का, तेही विचारा. आणि तारखा ठरवताना रमजान आणि नवरात्र बघा.

चॅलेंज एकीकडे, चहाचं मशीन दुसरीकडे

'साखर सोडा' पोस्टर आम्ही लावलं होतं ते नेमकं चहाच्या मशीनच्या वर. प्रीमिक्सचं पाकीट उलटं करून वाचलं, तर साखर आतच मिसळलेली, बिनसाखरेचं बटणच नाही. चमचाभर साखर धरा चार-पाच ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले की बत्तीस ते चाळीस ग्रॅम तिथेच संपले. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. भरीला वाढदिवसांचा केक, त्याच्यासोबत समोसा. पोस्टर काढलं, बिनसाखरेचा प्रीमिक्स मागवला, साखरेचा डबा बाजूला ठेवला. पहिला आठवडा शिव्या खाल्ल्या. नंतर बरेच जण एकाच चमच्यावर आले. वाढदिवस मात्र महिन्यातून एकदा, सगळ्यांचे मिळून. समोसा आम्ही काढला नाही, काढला असता तर मलाच काढलं असतं.

साहेबांना स्पर्धेत उतरवणं

साहेब चालले तर चांगलंच, पण त्यांचं नाव यादीत नको. आमच्याकडे तीन आठवडे साहेब पहिले होते, आणि त्यांच्या टीममधल्या कुणाचीही पावलं त्यांच्या पुढे जात नव्हती. योगायोग समजा.

दुसऱ्या आठवड्यात गळती लागली तर

आधी '२१ दिवसांत सवय लागते' हे डोक्यातून काढा. लंडनमधल्या संशोधकांनी लोकांच्या सवयी खरोखर मोजल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला. म्हणून आता आमचं चॅलेंज तीन महिने चालतं आणि मधे चुकलेल्या दिवसांना दंड नाही.

ग्रुपवर आठवणीचे मेसेज वाढवून गळती थांबत नाही, लोक म्यूट करतात. त्याऐवजी नवी सवय रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा. जेवणानंतरचं दहा मिनिटं चालणं सगळ्यात टिकलं. त्याने जेवणानंतर चढणारी साखरही कमी चढते. पण साडेबाराची मीटिंग दीडपर्यंत लांबली, की माणूस कीबोर्डवर डबा उघडतो आणि चालणं संपतं. हे सलग दहा दिवस पाहिल्यावर आम्ही दुपारी एक ते दोन या वेळात मीटिंग लावायचीच नाही असं ठरवलं. अजूनही कुणी तरी लावतंच, मग मी फोन करते.

अकाउंट्समधले काका अजून ग्रुप म्यूटच ठेवतात. पण डबा धुतला की पार्किंगला दोन फेऱ्या मारतात, आणि परत येताना वॉचमनशी उभ्याउभ्या क्रिकेटवर वाद घालतात. कधी कधी त्यातच दोन वाजतात.