स्नोमोबाईलला हलकी बॅटरी घेताय? आधी तुमची सगळ्यात गारठलेली सकाळ ठरवा

हलकी बॅटरी म्हटलं की सगळे आधी वजन बघतात, आणि ते साहजिकच आहे. खोल बर्फात स्लेड (म्हणजे स्नोमोबाईल) रुतल्यावर ती उचलून बाहेर काढलेल्या माणसाला एकेक किलोची किंमत कळते. पण वजनाच्या आधी एक गोष्ट ठरवा. तुमची स्लेड सगळ्यात थंड कुठल्या वेळी चालू करायची असते? रात्रभर उघड्यावर उभी राहून पहाटे मायनस २५ ला, का गॅरेजमधून मायनस ५ ला, का फक्त दिवसभरात थांबून थांबून, इंजिन कोमट असताना? तिन्हीचं उत्तर वेगळं आहे. बॅटरी त्या सगळ्यात वाईट सकाळसाठी घ्यायची, बाकीच्या दिवशी कुठलीही चालते.

मी हे शिकलो ते एका पहाटे. दोन स्लेड शेजारी शेजारी रात्रभर बाहेर, पारा मायनस २८. एकीत जुनी एजीएम (सीलबंद लेड ऍसिड बॅटरी) आणि माझ्यात नवीकोरी लिथियम, जी हातात घेतली तेव्हा आत काही आहे का नाही असं वाटलं होतं इतकी हलकी. एजीएमवाली कुरकुरत का होईना पण फिरली आणि सुरू झाली. माझीला सेल (स्टार्टर) मारला तर इंजिन अर्धा फेरा फिरून थांबलं, दुसऱ्यांदा नुसतं टक. मला वाटलं बॅटरी बसली, पैसे पाण्यात गेले. मग सोबत्याने सांगितलं की की (चावी) ऑन कर, हेडलाईट आणि ग्रिप हीटर (हँडल गरम ठेवणारा) लाव आणि तीन-चार मिनिटं गप्प बस. मल्टिमीटर लावून बघत बसलो तर लोड चालू असताना व्होल्टेज आधी १२ च्या खाली होता आणि मग हळूहळू वर चढायला लागला! लोडखाली व्होल्टेज चढताना मी पहिल्यांदा बघितला. चौथ्या मिनिटाला सेल मारला, आधीपेक्षा जोरात फिरलं, त्याच्या पुढच्या वेळी इंजिन सुरू.

असं का होतं ते नीट समजून घ्या म्हणजे निवड आपोआप सोपी होते. स्टार्टर बॅटरीत जी लिथियम असते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. गारठ्यात तिच्या आतला रेझिस्टन्स खूप वाढतो, करंट बाहेरच पडत नाही. पण थोडा करंट काढत राहिलात की तोच रेझिस्टन्स आतून उष्णता तयार करतो आणि बॅटरीचे आतले सेल कोमट होतात, मग ताकद परत येते. म्हणून लिथियमला थंडीत आधी जागं करावं लागतं. लेड ऍसिडची थंडीत ताकद कमी होते (मायनस १८ ला साधारण निम्म्याच्या आसपास येते असं धरून चाला) पण ती पहिल्या दाबाला जे आहे ते देते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उतरत जाते. लिथियमचं उलटं, पहिला प्रयत्न सगळ्यात वाईट आणि पुढचे चांगले.

आता इथे एक गोम आहे जी विकणारा सांगत नाही. बऱ्याच स्लेडमध्ये इंजिन चालू नसेल तर हेडलाईट आणि ग्रिप हीटर लागतच नाहीत, ते सरळ स्टेटरवर (इंजिन फिरताना वीज बनवणारा भाग) चालतात. तुमची तशी असेल तर बॅटरी कोमट करायला लोड कुठून आणणार? मग उपाय म्हणजे सेल दोन-तीन सेकंदच मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत दोन-तीन सेकंद. चालतं, पण आधी घरी करून बघा की की ऑन केल्यावर तुमच्या स्लेडवर नेमकं काय काय चालू राहतं. बॅटरी घेण्याआधीच बघा.

आता स्टिकरवरचे आकडे. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँप्स, याची व्याख्या पक्की आहे: मायनस १८ डिग्रीला १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद सलग इतके अँपिअर देईल आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाणार नाही. नुसतं सीए लिहिलं असेल तर ते शून्य डिग्रीचं मोजमाप असतं आणि आकडा मोठा दिसतो, त्यामुळे एका बॅटरीचा सीए आणि दुसरीचा सीसीए शेजारी ठेवून तुलना करू नका. लिथियमवर आणखी काळजी घ्या, काही ठिकाणी आकडा थोड्याच सेकंदांच्या झटक्याचा असतो, कधी तर कुठल्या तापमानाला मोजलाय तेच लिहिलेलं नसतं. विकणाऱ्याला सरळ विचारा, हा आकडा किती डिग्रीला आणि किती सेकंदांचा? उत्तर मिळालं नाही तर ती बॅटरी मायनस २० च्या सकाळसाठी घेऊ नका.

दुसरा आकडा एएच, म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण. लिथियमच्या डब्यावर १८ एएच लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात लेड ऍसिड इक्विव्हॅलंट. म्हणजे सुरू करण्याच्या कामात ती १८ एएच लेड बॅटरीसारखी वागते, पण आत खरी साठवण त्याच्या साधारण एक तृतीयांश, ५-६ एएच. इंजिन सुरू करायला हे पुरतं कारण त्यात थोडी सेकंदंच जातात. पण की ऑन राहिली, जीपीएस चार्जिंगला लावून विसरलात, किंवा दहा-पंधरा वेळा सेल मारायची वेळ आली तर ती लेडपेक्षा फार लवकर रिकामी होते. ज्यांच्या स्लेडवर बरंच सामान वायर केलेलं आहे त्यांनी एक साईज मोठी लिथियम घ्या, वजन अर्धा किलोने वाढेल पण मनाला शांतता मिळेल.

वजनाचा हिशोब पण करूच. मोठ्या फोर-स्ट्रोक टूरिंग स्लेडमध्ये सापडणारी वायटीएक्स२०एल साईजची एजीएम साधारण ६ किलोची असते आणि तिच्या जागी बसणारी लिथियम एक ते दोन किलोत येते. म्हणजे चार-पाच किलो वाचतात. छोट्या वायटीएक्स१४ साईजला फरक त्याहून कमी, तीनेक किलो. टू-स्ट्रोक माउंटन स्लेड आणि डोंगरउताराचं रायडिंग असेल तर हे चार किलो कळतात, नीट केलेल्या सपाट ट्रेलवर लांब जाणाऱ्या जड टूरिंग स्लेडला माझ्या मते काही फरक पडत नाही आणि तिथे मी आजही चांगली एजीएमच सांगेन. त्यातही प्युअर लेडच्या पातळ प्लेटवाली मिळाली तर उत्तम, त्याच आकारात तिचा सीसीए जास्त असतो. साधी पाण्याची लेड बॅटरी मात्र नको, स्लेड आडवी झाली की ऍसिड बाहेर येतं.

टू-स्ट्रोकला ओढायची दोरी असेल तर तुम्हाला धोका पत्करता येतो, बॅटरी हटून बसली तर हाताने सुरू होईल. फोर-स्ट्रोकला बहुतेक दोरी नसते, वर थंडीत ऑइल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो, आणि फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांनाही त्याच वेळी व्होल्टेज हवं असतं. क्रँक करताना व्होल्टेज फार खाली गेलं की इंजिन फिरताना दिसतं पण सुरू होत नाही, आणि माणूस स्पार्क प्लग बदलत बसतो. म्हणून फोर-स्ट्रोकला कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या सीसीएच्या खाली अजिबात जाऊ नका, वजन कितीही कमी मिळत असलं तरी. (हलकेपणाचं वेडच असेल तर स्की-डूची शॉट सिस्टीम वाचून बघा, तिथे बॅटरीऐवजी अल्ट्राकपॅसिटर (झटपट भरणारा छोटा वीजसाठा) आहे, दिवसाची पहिली सुरुवात दोरीने आणि मग बटणाने. पण ती स्लेडसोबतच येते, बॅटरी बदलून तसं करता येत नाही.)

लिथियम घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी स्लेडचं चार्जिंग तपासा, हे प्लीज टाळू नका. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर, इंजिन गरम, थ्रॉटल देऊन तीन-चार हजार आरपीएम (ट्रॅक जमिनीपासून उचललेला आणि मागे कोणी उभं नाही हे बघून). १३.८ ते १४.६ च्या मध्ये दिसलं तर छान. १३.५ च्या खाली असेल तर लिथियम कधी पूर्ण भरणारच नाही आणि दर आठवड्याला ती उतरलीच म्हणून रडत बसाल. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आधी तो बदला. लेड बॅटरी असा जादा व्होल्टेज काही दिवस सहन करते, लिथियमच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असेल तर ते मधेच बॅटरी तोडून टाकेल.

बीएमएस आहे का नाही हेही बघाच. त्याचं काम म्हणजे आतले सेल बॅलन्स करणं, फार उतरली तर तोडणं, आणि जमल्यास थंडीत चार्जिंग रोखणं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. शून्याच्या खाली लिथियम चार्ज केली तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी इलेक्ट्रोडच्या वरच धातू होऊन साचतं, ते नुकसान परत भरून येत नाही. त्यामुळे गारठलेली बॅटरी शेडमध्येच चार्जरला लावायची सवय असेल तर ती मोडा. आत आणा, काही तास खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग लावा. चार्जरही लिथियमचाच हवा, लेडसाठीचा डीसल्फेशन मोडवाला लावला तर बॅटरी खराब होऊ शकते. एजीएमला उलट दुसरी भीती: पूर्ण भरलेली लेड बॅटरी गोठायला मायनस ६० च्या आसपास जावं लागतं, पण उतरलेली असेल तर आतलं पाणी थोड्याशा थंडीतही गोठतं आणि डबा फुटतो. म्हणून उतरलेली एजीएम बाहेर सोडू नका.

व्होल्टेज बघून अंदाज घेणार असाल तर, काही तास तरी स्थिर ठेवलेली एजीएम १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हे आकडे लिथियमला लावू नका, १२.८ दाखवणारी लिथियम जवळजवळ रिकामी असते. भरलेली १३.३ च्या वर दाखवते आणि मधला मोठा भाग व्होल्टेज जवळपास तेवढाच राहतो.

बसवताना टर्मिनलची बाजू बघा. वायटीएक्स१४ आणि वायटीएक्स१४एल मध्ये तो शेवटचा एल शोभेचा नाहीये, टर्मिनल आपल्याकडे करून धरली तर एलवालीचा प्लस उजवीकडे येतो आणि बिनाएलवालीचा डावीकडे. चुकीची आणली की वायर पोचत नाही, मग लोक ती ताणून फ्रेमवर घासत बसवतात, तसं नका करू. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. लिथियमचा डबा छोटा असतो, उरलेल्या जागेत सोबत आलेला फोम घट्ट भरा, स्लेडच्या धक्क्यांनी हलणारी बॅटरी लवकर मरते. आणि एवढं सगळं करून जुन्याच गंजलेल्या केबल ठेवल्या तर काही उपयोग नाही. कोणाला तरी सेल मारायला सांगा आणि तेव्हा बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मल्टिमीटर धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर दोष केबलचा आहे, बॅटरीचा नाही. कित्येक चांगल्या बॅटऱ्या लोक या एका कारणाने फेकून देतात.

आता माझा स्वतःचा मार्ग. त्या पहाटेनंतर मी लिथियम विकून टाकली नाही. ती दीड किलोची आहे, रात्री बाहेर मुक्काम असेल तर दोन बोल्ट काढून आत आणतो, झोपायच्या पिशवीशेजारी ठेवतो आणि सकाळी कोमट बॅटरी परत बसवतो, पाच मिनिटांचं काम. सहा किलोची एजीएम रोज कोणी काढणार नाही. लिथियमचं हलकेपण थंडीतलं तिचं दुखणं असं भरून काढतं, फक्त बसवताना बोल्टपर्यंत हात पोचेल अशी जागा ठेवायची. ज्यांच्या स्लेडमध्ये बॅटरी तीन पॅनलच्या मागे आहे आणि रात्री स्लेड उघड्यावरच राहते, त्यांनी सरळ एजीएम घ्या आणि ते चार किलो दुसरीकडून कमी करा. जंप पॅक (बॅटरी उतरली तर बाहेरून करंट देणारा छोटा पॅक) दोघांनीही जवळ बाळगा, पण डिक्कीत नको, जॅकेटच्या आत, कारण तोही लिथियमच आहे आणि त्यालाही तेवढीच थंडी वाजते.

नवी बॅटरी घातली की लगेच लांब जाऊ नका. अंदाजात सगळ्यात थंड रात्र कुठली ते बघून त्या रात्री स्लेड घराबाहेर सोडा, पहाटे मल्टिमीटर लावा, सेल मारा, कितव्या प्रयत्नाला सुरू झाली आणि तेव्हा व्होल्टेज किती खाली गेलं ते लिहून ठेवा. व्होल्टेज फार खाली जाऊन इंजिन नीट फिरतच नसेल तर बॅटरी छोटी पडतेय, अजून बिल हातात आहे तोवर बदलून घ्या.