सोसायटीचे खजिनदारपद स्वीकारताना

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत राज्याचा खजिनदार मतदार थेट निवडतात. मुंबईतील गृहनिर्माण सोसायटीत मात्र सभासद व्यवस्थापक समिती निवडतात आणि समिती आपल्यातूनच अध्यक्ष, सचिव व खजिनदार ठरवते. समितीची मुदत 5 वर्षांची असते. उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी आपली देखभाल शुल्काची थकबाकी नाही, याची खात्री करावी.

निवड होताच मावळत्या खजिनदाराकडून रोकडवही, पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या आणि व्हाउचरांच्या फायली यादी करून, सहीनिशी ताब्यात घ्याव्यात आणि बँकेतील सह्या बदलून घ्याव्यात. शेजाऱ्याकडे पावती मागताना संकोच वाटतो खरा, तरी पाण्याची टाकी धुणाऱ्याला दिलेल्या 400 रुपयांचेही व्हाउचर हवेच. लेखापरीक्षित हिशेब 30 सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे असतात.