फळ्यावर टेनिसचा निकाल लिहिताना

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत टेनिसचं कोर्ट नाही. कबड्डी, खो-खो, आणि पावसाळ्यात चिखल. तरी एशियाड आलं की व्हरांड्यातल्या फळ्यावर भारताच्या टेनिसचा निकाल मी स्वतः खडूनं लिहितो. लेकरं वाचायला लागली की आपल्या चुका कळतात, म्हणून हे सांगतोय.

आधी रकाने आखा: प्रकार, खेळाडू, समोर कोण, फेरी, स्कोअर, पदक. वर्ष जपून लिहा. हांगझोउचं एशियाड नावानं 2022 चं, पण कोरोनामुळं झालं 2023 मध्ये. मी नुसतं 2022 लिहिलं, तर एक पोरगं घरून पेपरचं कात्रणच घेऊन आलं.

स्कोअर लिहिताना आपले गेम आधी. हांगझोउत मिश्र दुहेरीच्या फायनलला रोहन बोपण्णा-ऋतुजा भोसले जोडीनं चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) हरवलं: 2-6, 6-3, [10-4]. पहिला सेट गेला होता, हे त्या 2-6 वरून लगेच दिसतं. 10-4 ला चौकोनी कंस घालाच. मी मोकळं लिहिलं होतं. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, सेट तर सहाला संपतो ना?" बरोबरच होतं तिचं. दोन्ही बाजूंचा एकेक सेट झाला की तिथं तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक होता, आणि तो दोनच्या फरकानं जिंकावा लागतो. हे फळ्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे रोज सांगत बसावं लागत नाही.

खरी गोची कांस्यपदकाची. 2018 च्या एशियाडला पालेमबांगमध्ये प्रज्ञेश गुणेश्वरन सेमीफायनल 2-6, 2-6 असा हरला, तरी कांस्य मिळालं. मी त्याचा पुढचा सामना शोधत अख्खी मधली सुट्टी घालवली. एशियाडच्या टेनिसमध्ये कांस्यपदकाचा सामनाच नसतो; सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही कांस्य. ऑलिंपिकमध्ये मात्र खेळावं लागतं. 1996 ला अटलांटात लिअँडर पेसनं ब्राझीलच्या मेलिजेनीला हरवून ते मिळवलं. फेरीचा रकाना त्यासाठीच.

बेरीज करताना जोडीचं पदक एकच धरा. 2014 च्या इंचॉन एशियाडला प्रत्येक पदकापुढची नावं मोजाल तर नऊ होतील, पदकं पाचच. त्यातलं महिला दुहेरीचं कांस्य सानिया मिर्झा आणि बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण धाराशिवची हद्द ओलांडली की आलीच. ते नाव मी रंगीत खडूनं लिहितो. पक्षपात आहे, असू द्या.

आणि शुक्रवारी फळ्याचा फोटो काढून ठेवा. शनिवारी सकाळी मामा ओलं फडकं मारतात.