मुक्तस्रोत प्रकल्पातून कायमची बंदी घालताना या चुका टाळा

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पात एखादा सदस्य सतत इतरांचा पाणउतारा करत असेल, नवख्यांना पळवून लावत असेल किंवा निकालात निघालेला वाद दर आठवड्याला नव्या इश्यूमधून (तक्रार वा सूचनेच्या नोंदीतून) उकरून काढत असेल, तर त्याला कायमचे बाहेर काढण्यात गैर काही नाही. मात्र आधीची तयारी कच्ची असेल, तर अशी बंदी प्रकल्पावरच उलटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संतापाच्या भरात थेट शेवटची पायरी गाठणे. असंख्य प्रकल्पांनी स्वीकारलेल्या ‘काँट्रिब्यूटर कॉव्हेनंट’ या आचारसंहितेच्या २.० आवृत्तीत समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. या आचारसंहितेची फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) ठेवली जाते आणि भांडण पेटले की मगच उघडली जाते! कायमची बंदी प्रामुख्याने पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या वर्तनासाठी असल्यामुळे प्रत्येक प्रसंगाचा दुवा, तारीख, दिलेली ताकीद आणि ती देणाऱ्याचे नाव यांची नोंद एकाच ठिकाणी ठेवावी. तरीही या पायऱ्या यांत्रिकपणे चढायच्या नसतात. कोणी धमकी दिली किंवा दुसऱ्याच्या घरचा पत्ता उघड केला, तर पहिल्या तीन पायऱ्यांची वाट पाहू नये.

बंदीचा आवाका ठरवताना लिनक्स कर्नलचे (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे) २०२१ मधील प्रकरण आठवावे. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच (कोडमधील बदल) पाठवल्याचे प्रकरण गाजल्यावर कर्नलची देखभाल करणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे सर्वच योगदान थांबवले. नंतर ४३५ जुन्या बदलांची फेरतपासणी करावी लागली आणि त्यांतील बहुसंख्य बदल निर्दोष निघाले. मूळ वादग्रस्त पॅच तर बनावट नावांनी आले होते, म्हणजे विद्यापीठाचा ईमेल पत्ता पाहून ते अडलेच नसते. विश्वासघातानंतर तातडीने दार लावणे समजण्यासारखे असले, तरी समूहावर घातलेल्या बंदीचा भार शेवटी तपासणाऱ्यांवरच पडतो.

ज्याच्याशी वाद झाला त्याच मेंटेनरने (प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने) निकाल देऊ नये, आणि आचारसंहिता नेतृत्वालाही लागू असावी. कोअर टीम (प्रकल्पाचे नेतृत्व करणारा गट) कोणालाच उत्तरदायी नाही, असा आक्षेप घेत रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पातील वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या संपूर्ण मॉडरेशन टीमने नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामा दिला होता.

अंमलबजावणीत मात्र किरकोळ वाटणारी चूकच महागात पडते. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर खाते ब्लॉक केल्याने एनपीएम किंवा पायपीआय या तयार पॅकेज वितरित करणाऱ्या सेवांवरील प्रकाशनाचे अधिकार आपोआप जात नाहीत. ते अधिकार, स्वयंचलित बिल्डची टोकन (प्रवेशाचे गुप्त संकेत), सर्व्हरच्या किल्ल्या आणि चॅटचे प्रशासकपद आधी काढावे, निर्णयाचे पत्र त्यानंतर पाठवावे. नव्या खात्यातून कोणी परतल्याचा संशय आल्यास लेखनशैलीवरून ओळख पटवत बसू नये. जुनेच वर्तन दिसले, तर त्या वर्तनावर कारवाई करावी.

बंदीमुळे कोड वापरण्याचा हक्क जातो, हा गैरसमजही आढळतो. मुक्तस्रोत परवाना कसा असावा हे सांगणाऱ्या ‘मुक्तस्रोत व्याख्ये’चे पाचवे कलम व्यक्ती वा गटांविरुद्ध भेदभावास मनाई करते. त्यामुळे बंदी घातलेली व्यक्तीही परवान्याच्या अटी पाळून कोड वापरू शकते, त्याचा फोर्कही (स्वतंत्र प्रतही) काढू शकते. तिला रोखण्यासाठी परवान्यात फेरफार करू नये.

जाहीर निवेदन चार ओळींचे पुरे. त्यात तक्रारदाराचे नाव येऊ देऊ नये, पण निकाल त्याला स्वतंत्रपणे जरूर कळवावा. फेरविचाराचा अर्ज मूळ निर्णयात सहभागी नसलेल्या व्यक्तीकडे जाईल, एवढी सोय पत्रातच लिहून द्यावी.