ड्रोन सगळ्यात शेवटी घ्या: शाळेच्या पहिल्या संघाची तयारी

शाळेत ड्रोनच्या स्पर्धेसाठी संघ काढायचं ठरलं की शिक्षक-खोलीत पहिली चर्चा रंगते ती कोणता ड्रोन घ्यायचा याची. एखाद्या पालकांनी मोबाईलवर जाहिरात पाठवलेली असते, मुख्याध्यापकांना २६ जानेवारीला मैदानावर काहीतरी उडताना दाखवायचं असतं, आणि पावसाळा संपायच्या आत खोकं येऊन पडतं. मग ते उघडायचं कोणी यावरून भांडणं. माझ्या यादीत खरेदी बरीच खाली आहे. आठवी-नववीची मुलं आणि स्पर्धेचं पहिलंच वर्ष, असा संघ डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. दहावीच्या मुलांना शक्यतो घेऊ नका. बहुतेक तंत्रमेळे डिसेंबर-जानेवारीत येतात आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर सराव परीक्षा असते.

सुरुवात स्पर्धेच्या नियमपुस्तिकेने करा, कारण स्पर्धा बदलली की खेळच बदलतो. अमेरिकेत रेक फाउंडेशन शाळकरी मुलांसाठी एरियल ड्रोन कॉम्पिटिशन घेते. तिथे हाताने उडवणं, प्रोग्रॅमने उडवणं, दुसऱ्या संघाबरोबर मिळून खेळणं आणि नोंदवही दाखवून मुलाखत देणं, या सगळ्याला गुण असतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत कॉलेजच्या मुलांना ड्रोनचे विषय मिळाले आहेत, तिथे खरा कस प्रोग्रॅमचा लागतो. गावातल्या विज्ञान मेळाव्यात रिंगांमधून ड्रोन काढायची शर्यत हा आणखी तिसराच प्रकार. तेव्हा पुस्तिका छापून घ्या आणि मुलांनाच पेन्सिल घेऊन बसवा. वजनाची मर्यादा, मैदानाची लांबी-रुंदी, एका फेरीला किती वेळ, संघात किती जण, सुटे भाग बदलायला परवानगी आहे का, किती बॅटऱ्या आणायला परवानगी आहे, हे सगळं अधोरेखित झालं पाहिजे. शंका उरतील त्या आयोजकांना लेखी विचारा. फोनवर मिळालेलं ‘हो हो, चालेल’ स्पर्धेच्या दिवशी पंचांना दाखवता येत नाही.

मग कायदा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले ‘ड्रोन नियम, २०२१’ शाळेलाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. हे वजन बॅटरी, पंख्यांचे गार्ड, वर चिकटवलेला कॅमेरा असं सगळं धरून मोजायचं, म्हणून प्रयोगशाळेतला काटा आधी बाहेर काढा. नॅनोसाठी, आणि मायक्रो व्यावसायिक कामाला वापरत नसाल तर त्यासाठीही, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. यावरून ‘काहीच लागत नाही’ असा अर्थ बरेच जण काढतात. ड्रोनच्या सरकारी नोंदणीचा मुद्दा वेगळा आहे. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधन आणि चाचणीसाठी, हिरव्या क्षेत्रात (सरकारी नकाशावरचा ‘ग्रीन झोन’) आणि स्वतःच्या आवारात, काही सवलती आहेत. आपली शाळा त्यात बसते का, हे मुख्याध्यापकांच्या सहीने विचारून उत्तर फाइलला लावा.

उघड्यावर उडवणार असाल तर ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर शाळेची जागा बघा. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पुण्यात लोहगावचा विमानतळ, नाशिकजवळ ओझरचा विमानतळ आणि देवळालीची लष्करी छावणी, अहिल्यानगरला लष्कराचा तळ. अशा गावांत अंदाजाने उडवू नका. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तेव्हा त्या आठवड्यात काय लागू आहे ते ठाण्यात विचारावं. आणि हो, अमेरिकेतल्या काकांकडून एखादा मागवू, हा बेत सोडून द्या. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात.

संघात पाच मुलं पुरेत. एक उडवणारा, एक त्याच्या शेजारी उभा राहून मैदानावर लक्ष ठेवणारा, एक प्रोग्रॅम लिहिणारा, एक दुरुस्ती आणि बॅटऱ्या सांभाळणारा, एक नोंदवहीवाला. पहिले दोन महिने या जागा दर आठवड्याला फिरवा. मोबाईलवर दिवसभर खेळणारा मुलगा चांगला पायलट होईल असं सगळे गृहीत धरतात, पण ज्याची किंवा जिची बोटं सावकाश चालतात आणि जो शेजारच्याचं ऐकतो, तो शेवटी पुढे जातो. मुलींना नोंदवही आणि मुलांना रिमोट, ही वाटणी न सांगता आपोआप होते. शिक्षकांनी तिकडे लक्ष ठेवावं. पालकांचं संमतिपत्र याच टप्प्यावर घ्या. सराव किती वाजेपर्यंत चालेल, घरी कोण नेणार आणि ड्रोन मोडला तर भरपाई मागितली जाणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. हे शेवटचं वाक्य नसलं की मुलं घाबरत उडवतात.

आता जागा. शाळेचं सभागृह मिळालं तर उत्तम; पावसाळ्यात दुसरा पर्यायही नसतो. आधी छताचे पंखे बंद करा आणि बटणांवर चिकटपट्टी लावा, कारण कोणीतरी सवयीने चालू करतंच. शिकण्याच्या लहान ड्रोनला बहुधा जीपीएस नसतो. तो खालच्या कॅमेऱ्याने जमीन बघून एका जागी थांबतो, आणि चकचकीत फरशी किंवा एकाच काळ्या रंगाचा कडप्पा दिसला की भरकटायला लागतो. सभागृहातली पट्ट्यापट्ट्यांची सतरंजीही फार कामाची नाही, कारण सगळीकडे तीच नक्षी दिसते. जुनी वर्तमानपत्रं वेडीवाकडी चिकटवलेलं कापड अंथरा. उजेड भरपूर हवा. उंची बऱ्याच वेळा हवेच्या दाबावरून मोजली जाते, म्हणून सराव चालू असताना दार धाडकन लागलं तर ड्रोन वरखाली होतो. दाराशी एक जण उभा करा. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये क्रिकेटच्या सरावाची जाळी टांगा. ड्रोन ज्यांतून काढायचा ती दारं-कमानी हार्डवेअरच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपच्या होतात, त्यावर भडक रंगाची टेप गुंडाळली की झालं. मोजमाप मात्र पुस्तिकेत असेल तेच ठेवा.

एवढं झाल्यावर खरेदी. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) आहे तिथे निधीचा आणि थ्रीडी प्रिंटरचा प्रश्न थोडा सोपा होतो. मोडलेले गार्ड तिथल्या तिथे छापता येतात. बाकीच्यांनी माजी विद्यार्थ्यांकडे जावं. भारतीय बनावटीत मुंबईच्या द्रोणा एव्हिएशनचा प्लूटो शिकण्यासाठीच केलेला आहे, सुटा करून पुन्हा जोडता येतो. पण कोणताही घ्या, विक्रेत्याला एकच विचारा: याचे पंखे, मोटर आणि बॅटरी पुढच्या वर्षी मिळतील का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा. एकूण पैशांपैकी निम्मेसुद्धा ड्रोनवर घालवू नका. एकसारखे दोन ड्रोन, प्रत्येकाला निदान चार बॅटऱ्या, पंख्यांचे बरेच संच, दोन-चार जादा मोटर, छोटे स्क्रूड्रायव्हर, चिमटा, सुरक्षा चष्मे. लहान ड्रोनच्या मोटर बहुधा ब्रशवाल्या असतात, त्या झिजतातच. चिमटा आहे मोटरच्या दांड्यावर गुंडाळलेले केस काढायला. ड्रोन अचानक एका बाजूला कलायला लागला तर नव्वद टक्के वेळा... असा आकडा ठोकून देणार नाही, पण आधी केसच शोधा.

बॅटरीवर एक अख्खा तास घ्या, कारण शाळेत खरा धोका तिचा आहे. लिथियम-पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, सरासरी ३.७ धरतात, आणि साधारण ३.५ च्या खाली आला की उतरवायचं. पार रिकामा केला की तो कायमचा खराब होतो. उडवून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही, हाताला थंड लागली पाहिजे. चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर, लाकडी बाकावर कधीच नाही. रात्रभर लावून घरी जायचं नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. बॅटरी किंचित जरी फुगली तरी ती संपली; टोचू नका, दाबून बघू नका, वेगळी ठेवून ई-कचऱ्यात द्या. आठवडाभर वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून कपाटात ठेवा. भरलेली बॅटरी दिवाळीची सुट्टीभर कपाटात राहिली तर सुट्टीनंतर तिच्यात पूर्वीचा दम राहत नाही. प्रत्येकीवर नंबर घाला. ‘तीन नंबर लवकर उतरते’ हे दोन महिन्यांत वहीत दिसायला लागतं, आणि ती स्पर्धेला न्यायची नाही हे मुलं स्वतःच ठरवतात. विदर्भात-मराठवाड्यात उन्हाळी शिबिर घेत असाल तर बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका.

उडवायला शिकवताना कमानी पहिल्या महिन्यात काढूच नका. ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवून छातीच्या उंचीवर स्थिर थांबवणं, एवढंच. ते जमलं की उजवी बाजू, मग डावी, आणि मग तोंड आपल्याकडे. इथे सगळे अडकतात, कारण डावं-उजवं उलटं होतं आणि बोटं आधी धावतात. त्यानंतर चौकोन, मग इंग्रजी आठ, आणि ठरलेल्या वर्तुळात उतरणं. उतरण्याचा सराव सगळ्यात कमी होतो आणि गुण तिथेच सांडतात. शेजारी उभ्या मुलाचे शब्द ठरवून घ्या: ‘वर’, ‘खाली’, ‘थांब’, ‘उतर’. ‘अरे अरे अरे’ हा शब्द यादीत नसतो, तरी पहिले काही दिवस तोच जास्त ऐकू येतो.

प्रोग्रॅमवाल्या मुलांना ब्लॉकने, म्हणजे पडद्यावर आज्ञांचे तयार ठोकळे जोडून, सुरुवात करू द्या; पायथॉन ही लिहायची भाषा नंतर. शिकवायची खरी गोष्ट अशी की ‘एक मीटर पुढे जा’ म्हटलं तरी ड्रोन दर वेळी एक मीटर जात नाही. भरलेल्या बॅटरीवर, अर्ध्या बॅटरीवर, वेगळ्या फरशीवर तोच प्रोग्रॅम चालवून फरक टेपने मोजा आणि वहीत लिहा. लांबलचक उड्डाण एकदम लिहिण्यापेक्षा तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर क्षणभर थांबवा, म्हणजे चूक साठत जात नाही. लॅपटॉप ड्रोनच्या वायफायला जोडला की इंटरनेट जातं, तेव्हा लागणारी सगळी सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच घालून ठेवा आणि प्रोग्रॅमची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मोटर फिरतात का हे टेबलावर तपासताना पंखे काढलेले असावेत. यात सूट कोणालाही नाही, सरांनाही नाही.

नोंदवही रोज लिहा, मराठीत लिहा. तारीख, कोणी उडवलं, कोणती बॅटरी, काय मोडलं, काय बदललं आणि का. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बसून लिहिलेली सुबक वही परीक्षकांना दोन प्रश्नांत कळते. सगळीकडे एकाच पेनची शाई असते. ‘तुम्ही ही कमान आधी का घेतली?’ असं विचारल्यावर पाचांपैकी कोणालाही उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून मुलाखतीचा सराव दुसऱ्या वर्गाच्या बाईंसमोर करा, ज्यांना ड्रोनमधलं काही कळत नाही.

दिवाळीनंतर पूर्ण फेऱ्या सुरू करा. घड्याळ लावून, पंच नेमून, मागे दुसऱ्या वर्गातली मुलं आरडाओरडा करायला बसवून. स्पर्धेच्या हॉलमध्ये शेकडो मोबाईल असतात आणि छोटे ड्रोनही बहुतेक त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, तेव्हा एकदा सगळ्यांचे हॉटस्पॉट चालू ठेवूनही उडवून बघा. मैदानावर बाहेर सराव असेल तर संक्रांतीच्या आसपास तो बंद ठेवलेला बरा, मांजा दिसत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यादी मोठ्याने वाचून पेटी भरा. पंखे मोटरवर बरोबर बसलेत का बघा: समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन एका दिशेने फिरतात आणि शेजारचे उलट. अदलाबदल झाली तर ड्रोन उठतानाच पलटी खातो. बॅटऱ्या कडक डब्यात, टोकं झाकून, मुलांच्या दप्तरात नाही तर सरांच्या पिशवीत. विमानाने जात असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, सामानात चालत नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड, टेप, छापील नियमपुस्तिका, आयोजकांची लेखी उत्तरं, ओळखपत्रं, सुरक्षा चष्मे, पाण्याच्या बाटल्या. पोहोचल्यावर आधी हॉलची फरशी बघायची, मग उजेड, मग प्लगपॉइंट कुठे आहे ते. आणि परत आल्यावर, जिंकून या नाही तर हरून, बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणल्याशिवाय कपाटाला कुलूप लावायचं नाही.