ब्लॉग फुकटात ठेवायचा का होस्टिंग घ्यायचं? आधी सातबारा कोणाच्या नावावर ते बघा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे लिहिणारे आता भरपूर झालेत, कोणी केळीवरच्या करप्याचं लिहितंय, कोणी आजीकडून ऐकलेली कानबाईची अहिराणी गाणी उतरवून घेतंय, कोणाला नुसतं भरीत आणि कळण्याच्या भाकरीबद्दल सांगायचंय, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, ब्लॉगरवर फुकट उघडू का सरळ होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, घेऊ? माझं मत आधीच सांगून टाकतो. फुकटात सुरू करा, पण डोमेन म्हणजे ब्लॉगचा पत्ता तेवढा पैसे देऊन स्वतःच्या नावावर घ्या. बाकी सगळं नंतर बदलता येतं, पण पत्ता बदलला की व्हॉट्सअपवर फिरलेल्या सगळ्या जुन्या लिंका मेल्या.

पायरी १: फुकटवाल्यांपैकी कोण ते ठरवा

ब्लॉगर १९९९ ला सुरू झालं, २००३ मध्ये गूगलने घेतलं. जीमेल असलं की झालं काम. दुसरं वर्डप्रेस, इथे लोक हमखास गोंधळतात कारण वर्डप्रेस दोन आहेत. डॉट कॉमवालं म्हणजे ते लोकच तुमचा ब्लॉग त्यांच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि डॉट ऑर्गवालं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं पण ठेवायला जागा तुम्ही भाड्याने घ्यायची. डॉट कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये तुमच्या लेखावर जाहिराती त्यांच्या, स्वतःचं डोमेन लावायचं तर पैसे भरा, आणि जागा १ जीबी. मोबाईलचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर अडीचशे फोटोंत जागा संपली. ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन फुकटात जोडता येतं, म्हणून नवीन माणसाला मी ब्लॉगरच सांगतो.

पायरी २: आधी लिहा

आठ-दहा लेख होऊ द्या, तोपर्यंत थीम (ब्लॉगचं रूप) आणि लोगोत वेळ घालवू नका भो. एक गोष्ट मात्र पहिल्या लेखापासून पाळा. शीर्षक मराठीत असलं की ब्लॉगरला त्याची लिंक बनवता येत नाही, तो नुसतं ब्लॉग-पोस्ट असं काहीतरी लिहून पुढे आकडे टाकतो. म्हणून पब्लिश करायच्या आधी उजवीकडे पर्मालिंक, म्हणजे लेखाची लिंक, उघडायची, कस्टम निवडायचं आणि इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द टाकायचे, keli-karpa, bharit-kruti असे. वर्डप्रेसवर उलटा त्रास आहे, तिथे मराठी शीर्षकाची लिंक बनते पण कॉपी करून ग्रुपवर टाकली की टक्क्याच्या चिन्हांचं लांबलचक भेंडोळं होतं आणि ते बघून कोणी क्लिकच करत नाही. तिथेही तोच उपाय.

पायरी ३: डोमेन घ्या, आणि स्वतः घ्या

डॉट इन किंवा डॉट कॉम, वर्षाला साधारण हजाराच्या आसपास धरून चाला. हे काम गावातल्या वेबसाईटवाल्यावर सोडू नका. तो चांगला असेल हो, पण त्याने त्याच्या ईमेलवर डोमेन घेतलं आणि उद्या तो पुण्याला निघून गेला तर तुम्ही कसलेलं शेत आणि सातबारा त्याच्या नावावर, असली गत होते. नाव तुमचं, ईमेल तुमचा, मोबाईल नंबर तुमचा, मग पाहिजे तर जोडून द्यायला त्याला बसवा.

जोडणं तसं सोपं आहे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेन टाकलं की पहिल्यांदा एरर येतो, घाबरायचं नाही, त्या एररमध्येच दोन सीनेम रेकॉर्ड, म्हणजे डोमेन ब्लॉगकडे वळवणाऱ्या नोंदी, दिलेले असतात. ते जसेच्या तसे कॉपी करून डोमेन कंपनीच्या डीएनएस पानावर (डोमेनच्या नोंदी ठेवायची जागा) टाकायचे, दुसरा रेकॉर्ड प्रत्येकाचा वेगळा असतो म्हणून युट्यूबवर बघून दुसऱ्याचा टाकू नका. मग थोडा वेळ जाऊ द्या, कधी तासाभरात होतं कधी दिवस लागतो, परत येऊन सेव्ह करा आणि एचटीटीपीएस (सुरक्षित लिंक) चालू करा.

पायरी ४: होस्टिंग लागतंय का ते बघा

नुसते लेख आणि फोटो असतील तर लागत नाही. लेखासोबत मसाला-पापड विकायचेत, पेमेंट घ्यायचंय किंवा एखादं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) लागणारच आहे, तर घ्या. जाहिरातीच्या पैशासाठी घेत असाल तर थांबा, अ‍ॅडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती, ब्लॉगरवरही चालतं. आणि लेख एका दिवसात हजारो लोकांनी उघडला तर ब्लॉगरला काही होत नाही, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) मात्र ऐन वेळी बसतं.

(स्वतःचं होस्टिंग म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर ब्लॉग ठेवायचा असं समजणारे पण आहेत. आपल्याकडे लाईटचा भरवसा काय ते तुम्हाला माहीत आहे.)

घ्यायचंच ठरलं तर पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा, तो दुप्पट-तिप्पट असतो आणि बारीक अक्षरात लिहिलेला असतो, वर १८ टक्के जीएसटी. रोजचा बॅकअप आणि एसएसएल (एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट) फुकट देतात का विचारा. डोमेनसाठी वेगळी कंपनी असली तर बरं, भांडण झालं तरी पत्ता हातात राहतो. आणि वर्डप्रेस, थीम, प्लगइन यांचे अपडेट आता तुमच्या गळ्यात, ते टाळले की साईट हॅक होऊ शकते.

पायरी ५: सामान हलवणं

ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअप काढायचा आणि वर्डप्रेसच्या टूल्समध्ये इम्पोर्टला ब्लॉगर निवडायचं. पर्मालिंकची रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवली की डोमेन तेच असल्यामुळे जुन्या लिंका बहुतेक चालतात. तरी दहा-पंधरा उघडून बघाच. ब्लॉगरच्या लेखांच्या फाईलमध्ये फोटो नसतात, नुसत्या त्यांच्या लिंका असतात, म्हणून मूळ फोटो वेगळे जपा आणि सगळं नीट दिसेपर्यंत जुना ब्लॉग डिलीट करू नका.

जे फुकटातच राहणार त्यांनी गूगल खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाईलवरून दुसरी खात्री) लावून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचा जीमेल ब्लॉगला अ‍ॅडमिन म्हणून जोडा, कारण ते एक खातं लॉक झालं तर ब्लॉग उघडायला दुसरी चावी नाही. बॅकअपची फाईल महिन्यातून एकदा पेनड्राईव्हवर, आणि डोमेन ऑटो-रिन्यूवर टाकून ज्या कार्डावरून पैसे कटतात त्याची मुदत कधी संपते ते मोबाईलमध्ये लावून ठेवा.