साताऱ्यात स्टँडजवळच्या स्वस्त लॉजवर उतरताय? या चुका टाळा

माझ्या मामाचं साताऱ्यात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर छोटं लॉज होतं. कॉलेजात असताना सुट्टीत मी तिथल्या काउंटरवर बसायचो. भरतीला आलेली पोरं, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, औषध कंपन्यांचे एमआर, कासच्या फुलांच्या पठारावर निघालेले पुण्या-मुंबईचे ग्रुप, सगळ्यांची नावं रजिस्टरात लिहिली आणि भांडणंही भरपूर पाहिली. बहुतेक भांडणांचं मूळ एकच असायचं. गिऱ्हाइकाने पैसे आधी मोजलेले असायचे आणि खोली नंतर पाहिलेली असायची.

खोली न बघता एन्ट्री करणं

रात्रीचे अकरा वाजलेले असतात, प्रवासाने अंग आंबलेलं असतं. मॅनेजर म्हणतो, "साहेब, आधी एन्ट्री करून घ्या, पोरगा खोली दाखवेल." इथेच थांबा. "दादा, एकदा वर जाऊन बघून येतो, मग लगेच एन्ट्री करू," असं सरळ सांगा. नीट चालवलेल्या लॉजवर याचा कुणाला राग येत नाही. मामा तर स्वतःहून किल्ली पुढे करायचा.

खोलीत गेलात की नळ सोडून बघा, आतली कडी लावून बघा आणि गादी उचलून बघा. कडी नुसती दिसून उपयोग नाही, ती भोकात पूर्ण बसली पाहिजे. दमट हवेत लाकडी दार फुगतं आणि कडी अर्ध्यावर अडते. एकट्या बाईमाणसाने तर यात अजिबात तडजोड करू नये.

गादीकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण ढेकूण तिथे असतात. चादरीचं कोपऱ्याचं टोक वर करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गादीच्या कडेची शिवण बोटाने ताणून बघा. शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे डाग दिसले तर ती ढेकणांची घाण असते. पलंगाच्या फळ्यांचे सांधे आणि डोक्याकडची भिंतही बघा. ढेकूण दिवसा फटीत दडतो, रात्री बाहेर येतो आणि खायला मिळालं नाही तरी काही महिने तग धरतो. त्यामुळे "ही खोली महिनाभर बंदच होती" या उत्तराला काही अर्थ नाही. खोली बदलून मागा, पण शेजारची घेऊ नका. भिंतीतल्या फटींतून आणि वायरिंगच्या पाइपांतून ते पलीकडे जातात.

मी हे सोसलंय म्हणून सांगतो. परीक्षेला परगावी गेलो होतो, तिथल्या डॉर्मिटरीत बॅग गादीवर टाकून झोपलो. घरी आलो तर चेनच्या कडेला दोन ढेकूण. आईने बॅग अंगणातच उलटी केली, सगळे कपडे उकळत्या पाण्यात घातले. तेव्हापासून माझी बॅग कधी कॉटवर जात नाही, खुर्चीवर नाहीतर खुंटीला.

"एक दिवस" म्हणजे किती, हे न विचारणं

स्टँडच्या आसपास काही लॉजवर हिशोब चोवीस तासांचा असतो, काहींवर दुपारी बाराचा, म्हणजे कधीही आलात तरी बाराला दिवस संपतो. फरक मोठा पडतो. मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस साताऱ्यात पहाटेच्या अंधारात येते. स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. रिक्षाने येऊन चार वाजता एन्ट्री केली आणि हिशोब बाराचा निघाला, तर आठ तासांत एक दिवसाचं भाडं संपलं. अशा वेळी "फक्त फ्रेश व्हायला दोन तास खोली मिळेल का?" असं विचारा. बऱ्याच ठिकाणी कमी पैशात मिळते. आणि पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या.

"सेंटरला" म्हणजे नक्की कुठे?

साताऱ्याला दोन टोकं आहेत. एकीकडे पोवई नाका आणि एसटी स्टँड, दुसरीकडे दोन-अडीच किलोमीटरवर राजवाडा, मध्ये राजपथ आणि खालचा रस्ता. पहाटेची एसटी पकडायची असेल तर स्टँडजवळ उतरा. कासला यवतेश्वरच्या घाटाने जायचं असेल किंवा बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघरकडे, तर राजवाड्याची बाजू सोयीची. खासगी ट्रॅव्हल्सवाले बऱ्याचदा गावात शिरत नाहीत, हायवेवर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरवतात. तिथून रात्रीच्या रिक्षाचे पैसे बसण्याआधीच ठरवा.

स्टँडसमोरची रस्त्याकडची खोली हवेशीर दिसते म्हणून लोक हौसेने घेतात, आणि मग रात्रभर हॉर्न आणि स्टँडवरचा भोंगा ऐकत बसतात. मागच्या बाजूची, मधल्या मजल्यावरची खोली मागा.

गरम पाण्याच्या पाटीवर विश्वास ठेवणं

"सोलर आहे की गीझर?" एवढंच विचारा. श्रावणात साताऱ्यात दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा सोलरचं पाणी कोमटही नसतं. गरम पाण्याची वेळ ठरलेली असेल तर तीही विचारून ठेवा. साडेआठला उठून बादली मागणाऱ्याला आम्ही रोज नाही म्हणायचो, आणि रोज वाईट वाटायचं.

कासच्या हंगामात ऐन वेळी येणं

कास पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं. ऐन फुलांचे दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे. या दिवसांत शनिवार-रविवारी खोली मिळेल या भरवशावर येऊ नका. पठारावरच्या प्रवेशाचं बुकिंग करता तसंच खोलीचंही आधी करा, आणि फोनवर भाडं ठरलं की ते मेसेज करून लिहून घ्या, म्हणजे काउंटरवर आकडा बदलत नाही. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. सज्जनगडावर दर्शनालाच जायचं असेल तर तिथल्या भक्तनिवासात सोय होते. फक्त रात्री गडाचा दरवाजा बंद होतो, त्याआधी वर पोचा.

कागदपत्रं आणि बिल

ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, एकाचं चालत नाही. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार दिलं तर नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर लॉजचं नाव आणि तारीख टाकून सही करा. 1,000 रुपयांच्या आतल्या खोलीला जीएसटी नसतो असं अजून काही जण सांगतात, पण ती सूट जुलै 2022 मध्ये गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आहे. कर लावला असेल तर जीएसटी नंबर छापलेलं बिल मागा. ज्याची नोंदणीच नाही त्याला कर घेता येत नाही.

कॉट बेसिसवर (खोली नाही, फक्त एक कॉट भाड्याने) राहताना

स्वतःचं कुलूप आणा. लॉकर असतो, कुलूप नसतं. पैसे आणि हॉलतिकीट उशीखाली नको, बनियनच्या आतल्या खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावून आंघोळीला जाऊ नका. पहाटे चारला भरतीच्या मैदानी चाचणीला, म्हणजे ग्राउंडला जायचं असेल तर कपडे आणि बूट रात्रीच काढून ठेवा. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरकुरवत बसलं की आठ माणसांची झोप मोडते, आणि त्यातल्या दोघा-तिघांचीही सकाळी भरतीच असते.

रात्री शटर किती वाजता पडतं ते बाहेर जेवायला जाण्याआधी विचारा आणि मॅनेजरचा नंबर घेऊन ठेवा. अकरा वाजता शटर ठोकत पावसात उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. खोली सोडली आणि गाडी संध्याकाळची असेल, तर बॅग काउंटरमागे ठेवायला विचारा, बहुतेक जण पैसे न घेता ठेवतात. फक्त बॅगेला नावाची चिठ्ठी बांधा. काळ्या रंगाच्या सारख्याच पाच बॅगा तिथे आधीपासून पडलेल्या असतात.